दोन्ही बाजूंचा आवाज

"जमेल," असं ती बोलून गेली तेव्हा ती रस्ता ओलांडत होती, आणि समोरच्या खांबावरचा हिरवा माणूस नुकताच लुकलुकायला लागला होता. फोनवर साहेब होते. कंपनीचा माणूस येणार नाही, त्याच्या पायाचं हाड मोडलंय, दुसरा पंधरा दिवस तरी मिळत नाही, आणि कॉलचं रेकॉर्डिंग तर आजच सुरू व्हायला हवं, वरून पत्र आलंय, असं सगळं त्यांनी एका दमात सांगितलं आणि मग जरा थांबून विचारलं, "तुम्हाला एकटीला जमेल?" विचार करायला वेळच नव्हता, मागून बस अंगावर येत होती. जमेल. ती पलीकडच्या फुटपाथवर पोचली. एका दुकानाच्या काचेत तिला स्वतःचा चेहरा दिसला. एक्केचाळीस वर्षांची बाई, खांद्यावर अवजारांची पिशवी, आणि तोंडभर हसू. असं रस्त्यात एकटीनं हसणाऱ्या बाईला लोक काय म्हणतील? म्हणोत. नऊ वर्षं ती त्या रुग्णवाहिकेच्या कंट्रोल रूममध्ये वायरी ओढत होती, हेडफोनचे तुटलेले जोड डाखत होती, बॅटऱ्यांची टोकं घासत होती. सगळे तिला वायरबाई म्हणायचे आणि तीही स्वतःला तसंच म्हणायला लागली होती. पण ज्या यंत्रातून शहराचे सगळे फोन यायचे, ते भिंतीवरचं चपटं काळं खोकं, त्याला हात लावायचा अधिकार फक्त कंपनीच्या माणसाला. तो यायचा, लॅपटॉप उघडायचा, आणि पासवर्ड टाकताना तिच्याकडे अशी पाठ करायचा की जणू कपडेच बदलतोय. ती मागं उभी राहून त्याला स्क्रू द्यायची. नऊ वर्षं तिनं त्याच्या खांद्यावरून चोरून पाहिलं होतं. एखादी पोर शिवणवर्गाच्या खिडकीबाहेर उभी राहून शिवण शिकते, तसं. आज तो पासवर्ड बंद पाकिटात तिची वाट पाहत होता.

पाकीट साहेबांनी स्वतः हातात दिलं. "काही बिघडलं तर..." असं ते म्हणाले आणि पुढचं वाक्य त्यांनी गिळलं, कारण बिघडलं तर काय, हे दोघांनाही माहीत होतं. इथं लाइन बंद पडणं म्हणजे कुठंतरी कुणीतरी जिन्यात पडलेलं आणि इकडे नुसतीच शांतता. महिन्यापूर्वी एक गाडी चुकीच्या पत्त्यावर गेली होती. फोन करणाऱ्यानं चुकीचा सांगितला की ऑपरेटरनं चुकीचा लिहिला, हे शेवटपर्यंत ठरलं नाही. दोन्हीकडच्यांनी शपथा घेतल्या. म्हणून हे रेकॉर्डिंग. कंट्रोल रूममध्ये ती शिरली तेव्हा पाचही टेबलांना बातमी लागलेली होती. सगळ्यांत जुन्या ऑपरेटर, ज्यांना सगळे ताई म्हणायचे, अगदी त्यांच्याहून वयानं मोठे असलेले ड्रायव्हरसुद्धा, त्यांनी कानावरचा हेडफोन गळ्यात ओढला आणि म्हणाल्या, "या वायरबाई. म्हणजे आता आमच्या शिंकासुद्धा सरकारजमा होणार म्हणायच्या."

"शिंका नाही ताई, फक्त फोन."

"सव्वीस वर्षं मी इथं ऐकतेय. माझ्या कानावर कुणी कान ठेवला नव्हता." आवाज चढला नव्हता, पण त्या जेव्हा चिडत तेव्हा तो चढायच्या ऐवजी उतरतच असे. "आणि समजा चुकले एखाद्या दिवशी, तर ते तू तिथं डबीत घालून ठेवणार. लोणचं घातल्यासारखं."

ती हसली, पण तिला माहीत होतं की हा विनोद नाही. ताईंचं तिच्यावर प्रेम होतं. लग्न मोडून ती या शहरात आली तेव्हा खोली मिळेपर्यंत सव्वा महिना ती ताईंच्याच घरी राहिली होती, त्यांच्याच चपला घालून पहिल्या दिवशी कामावर आली होती. आणि तरीही, बॅटरीच्या खोलीत जाऊन स्टुलावर बसून, लॅपटॉप मांडीवर घेऊन तिनं पासवर्ड टाकला आणि त्या खोक्याचं पान तिच्यासमोर उघडलं, त्या क्षणी तिला ताई आठवल्या नाहीत, साहेब आठवले नाहीत, काही म्हणजे काही आठवलं नाही. डावीकडे एकाखाली एक नावं. लाइनी, फोन, मार्ग, घड्याळ, आवाज, रेकॉर्डिंग. परक्याच्या घरात शिरून सगळी कपाटं उघडी सापडावीत तसं वाटलं. पाच हिरवे ठिपके, म्हणजे पाच टेबलं. त्यांतला तिसरा नारिंगी झाला. म्हणजे आत्ता, भिंतीपलीकडे, ताई कुणाशी तरी बोलताहेत. हे तिनं नुसतं वायरींवरून कधी ओळखलं नव्हतं. वायरी मुक्या असतात. इथं बोलणं चालताना दिसत होतं. परीक्षेत पहिलाच प्रश्न येतोय असं दिसल्यावर होतो तसा आनंद तिला झाला.

घड्याळापासून सुरुवात केली, कारण खोकं तीन तास दहा मिनिटं मागं चालत होतं, आणि चुकीच्या वेळेचं रेकॉर्डिंग म्हणजे नसल्यातच जमा. मग रेकॉर्डिंगचं पान. सगळे कॉल की निवडक? सगळे. साठवायचं कुठं? साहेबांच्या खोलीतल्या कपाटात एक जुना सर्व्हर पडून होता, तिनंच गेल्या वर्षी त्याचा पंखा बदलला होता. त्यावर जागा केली. आवाज दाबून ठेवायचा की जसाच्या तसा? इथं ती अडली. दाबला तर जागा दहापट कमी लागते, कंपनीच्या माणसानं नक्की दाबूनच ठेवला असता. तिनं जसाच्या तसा ठेवला. का, ते तिला सांगता आलं नसतं. बोलणाऱ्याला रेकॉर्डिंग होतंय हे कळावं म्हणून आधी सात सेकंदांची सूचना होती. ज्याच्या घरात कुणी श्वास घेत नाहीये त्याला सात सेकंद सूचना ऐकवायची? ती काढून तिनं फक्त एक बारीकसा टिंग ठेवला आणि साहेबांना विचारून आली. साहेब म्हणाले, "तुम्हाला योग्य वाटेल ते करा." हे वाक्य तिला इतक्या वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं, परत येताना कॉरिडॉरमध्ये तिनं ते दोनदा ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं.

मग चाचणी. कॉरिडॉरच्या टोकाशी जाऊन स्वतःच्या मोबाइलवरून तिनं कंट्रोल रूमला फोन लावला, ताईंनीच उचलला, दोघी अर्धा मिनिट बोलल्या. धावत परत आली. फाइल आली होती! हेडफोन लावून तिनं ती चालू केली. "बोला," ताई म्हणाल्या. मग शांतता. "हो, येतंय ऐकू." शांतता. "अगं, काहीतरी बोल की, एक-दोन-तीन काय लावलंयस?" शांतता. तिनं एक-दोन-तीन म्हटलं होतं, मोठ्यानं म्हटलं होतं. ते कुठंच नव्हतं. ती ज्या ज्या जागी बोलली होती तिथं तिथं नुसती पोकळी होती, तिच्या बोलण्याच्या बरोबर मापाची. ताई जणू रिकाम्या खुर्चीशी बोलत होत्या. तिनं हेडफोन काढला.  आपण बोललो आणि त्याचा काही पुरावाच नाही. मग तिनं स्वतःला हलवलं. आवाज हरवत नसतो, तो कुठून तरी जात असतो. हातावर बॉलपेननं तिनं चित्र काढलं: बाहेरची लाइन, खोकं, टेबलावरचा फोन. ताईंचा आवाज खोक्यातून जात होता. बाहेरून येणारा मात्र खोक्याला वळसा घालून थेट ताईंच्या कानात शिरत होता. खोकं दोघांची गाठ घालून देऊन बाजूला होत होतं. खोक्यानं ऐकलंच नाही तर ते टिपणार काय? म्हणजे वळसा बंद करायला हवा. कुठंतरी एक खूण असणार. पान, पान, पान. "मार्ग" या नावाखाली, सगळ्यांत तळाशी, ती सापडली: "थेट मार्ग शक्य असल्यास वापरा." एवढीशी चौकट, आणि तिच्यात बरोबरची खूण. तिला त्या चौकटीची पापी घ्यावीशी वाटली.

पण ती खूण काढल्यावर खोकं बंद करून पुन्हा सुरू करावं लागणार होतं. चाळीस सेकंद. ती कंट्रोल रूममध्ये गेली आणि ताईंना म्हणाली, "ताई, मला चाळीस सेकंद हवीत."

"लाइन बंद?"

"जुना लाल फोन चालू राहील. त्यावर वळवते. एकच कॉल येऊ शकेल एका वेळी."

ताईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सकाळची गर्दी संपली होती, शाळा सुटायला वेळ होता. त्या उठून लाल फोनपाशी जाऊन उभ्या राहिल्या, एक हात रिसीव्हरवर ठेवून, आणि म्हणाल्या, "घे. मी मोजते." आणि खरोखरच मोठ्यानं मोजायला लागल्या. भिंतीपलीकडून येणारे ते आकडे ऐकत ती खोक्यावरचे विझलेले दिवे पाहत राहिली. सत्तावीस. अठ्ठावीस. आपण हे काय करून बसलो? एकतीस. कुणाची तरी आई, कुणाचा तरी मुलगा. छत्तीसाला एक दिवा लागला. मग सगळे. पाच हिरवे ठिपके पुन्हा ओळीत उभे राहिले. "चाळीस!" पलीकडून ताई ओरडल्या, आणि तीही ओरडली, "आलं!", आणि बॅटऱ्यांच्या मधल्या अरुंद जागेत तिनं स्वतःभोवती चक्क एक गिरकी घेतली.

आता दोन्ही बाजू येत होत्या. पुढच्या तासाभरात पंधरा कॉल आले, पंधरा फाइली एकाखाली एक रचल्या गेल्या, नवी सगळ्यांत वर, नावात तारीख, वेळ, टेबलाचा आकडा. जेवणाचा डबा उघडलेला तसाच राहिला. आवाज कसा येतोय हे तपासायला हवं, हे खरं. पण त्याहीपेक्षा तिला ऐकायचं होतं. पहिली फाइल: कुणाच्या तरी आजोबांना घेरी आलेली. दुसरी: चुकून लागलेला फोन. तिसरी: पाण्याची पिशवी फुटलेली बाई आणि तिचा भेदरलेला नवरा, "तिला देऊ का, तिलाच देऊ का फोन?" काय स्वच्छ येत होतं सगळं! श्वास येत होते. मागं कुठंतरी नळ वाहत होता तोही येत होता. आपण परक्यांच्या दुखण्यावर कान लावून बसलो आहोत आणि आपल्याला आनंद होतोय, हे तिच्या मनात आलं, तिला थोडी लाज वाटली, आणि लाजेसकट तिनं चौथी फाइल उघडली. बावीस सेकंदांची. टेबल तीन. अकरा मिनिटांपूर्वीची.

टिंग. "बोला, रुग्णवाहिका." मग एका पुरुषाचा आवाज, जाड, ओला, तोंडात काहीतरी धरून बोलावं तसा. "उअई... आऊ... एई." ताई: "काय? नीट बोला." तो: "उअई आऊ एई. उआ आअआआ. आए. उअआ अअआ." ताई: "कोण बोलतंय? कुठून?" तो पुन्हा तेच, आता घाईघाईनं, रडकुंडीला आल्यासारखं. आणि ताई, उतरलेल्या आवाजात: "दारू पिऊन इथं फोन करू नका. लाइन मोकळी ठेवा. लोक मरतात त्यानं." खट्.

तिनं फाइल थांबवली. स्टूल, बॅटऱ्या, खोकं, सगळं एकदम लांब गेलं. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. तो माणूस नव्हे, ती भाषा. ही भाषा जगात फक्त दोन माणसांना येत होती, आणि त्यांतला एक मरून सतरा वर्षं झाली होती. वडील गणित शिकवायचे. ती अकराची असताना एका सकाळी फळ्यापाशी कोसळले आणि शुद्धीवर आले तेव्हा त्यांच्या शब्दांतली व्यंजनं गळून गेली होती, नुसते स्वर राहिले होते. झाडाची पानं गळून फांद्या राहाव्यात तसे. घरी आणलं त्या दिवशी ते सारखं "आई, आई" म्हणत होते. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आत्यानं जाऊन आजीचा फोटो आणला आणि त्यांच्या छातीवर ठेवला. वडिलांनी तो डाव्या हातानं भिरकावून दिला. तेव्हा ती दारात उभी होती आणि तिला एकदम ऐकू आलं. आ-ई. पा-णी. ती तांब्या घेऊन आली. ते घटाघटा प्यायले आणि तिच्याकडे असे बघत राहिले की ती नजर पुढं आयुष्यभर तिला कुणाकडूनच मिळाली नाही. त्या दिवसापासून ती त्यांची जीभ झाली. डॉक्टरांकडे ती, बँकेत ती, पाहुण्यांत ती. स्वर आणि त्यांची लय, एवढ्यावरून. व्यंजनं आपण घालायची, जागच्या जागी बसेपर्यंत.

उ-अ-ई. आ-ऊ. ए-ई. तिनं ओठ हलवले. उजवी. उजवी बाजू. उजवी बाजू गेली.

लॅपटॉप तसाच छातीशी धरून ती कंट्रोल रूममध्ये धावली. "ताई, हा माणूस प्यालेला नव्हता. झटका आलाय त्याला. अर्धांगवायू. उजवी बाजू गेली म्हणतोय." ताईंनी आधी लॅपटॉपकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरताना तिनं पाहिला; आणि खरं सांगायचं तर तेव्हाही तिच्या आत सकाळपासूनचा तो आनंद उसळतच होता, थांबत नव्हता. "नंबर?" ताई म्हणाल्या. नंबर नव्हता. शहराच्या जुन्या क्रमांकावर येणारे फोन इकडे वळवले जात आणि पडद्यावर सगळ्यांचा तोच एक क्रमांक उमटे. होती ती एवढीच बावीस सेकंद. तिनं लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि ती पुन्हा लावली.

"उआ आअआआ. आए."

"हा पत्ता असणार. जुना काहीतरी. जुना... दोन स्वर, मग चार. आ, अ, आ, आ. आणि मग मागे. कशाच्या तरी मागे."

"दवाखाना?" पलीकडच्या टेबलावरची म्हणाली.

"दवाखाना. त्यात पहिला आ नाही, अ आहे. ऐका, याचा पहिलाच लांब आहे. पुन्हा लावते."

ताईंनी डोळे मिटले होते. सव्वीस वर्षं या शहराच्या गल्ल्या त्यांनी न पाहता पाहिल्या होत्या. "आ, अ, आ, आ," त्या पुटपुटल्या. बोटानं टेबलावर ताल धरला. "कारखाना. नाही, जुना कारखाना कुणी म्हणत नाही, तिथं आता सगळे... थांब. छापखाना." डोळे उघडले. "जुना छापखाना! त्याच्या मागे एकच इमारत आहे, तीन मजल्यांची. गोदामाच्या पलीकडे."

"उअआ अअआ," ती म्हणाली. "दुसरा मजला."

गाडी सुटली. जवळची गाडी आठ मिनिटांवर होती. ती आठ मिनिटं ती ताईंच्या खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. एकोणीस मिनिटं आधीच गेली होती की वीस, ती मोजत होती आणि पुन्हा पुन्हा चुकत होती. आणि आपण चुकलो असलो तर? कुणी सांगावं तो "जुना दवाखाना"च म्हणत असेल, आणि गाडी छापखान्यामागं एका बंद दारापाशी जाऊन उभी राहील. व्यंजनं आपण घातली. आपल्याला हवी ती. आणि आपण तर एकदा मुद्दाम चुकीची घातली आहेत. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. ती पंधराची होती, थकली होती, मैत्रिणी नाटकात कामं करत होत्या आणि तिला तीन वाजता घरी यायला लागायचं. थोरला भाऊ वडिलांना आपल्या गावी न्यायला आला. खोलीत सगळे बसले होते. वडील म्हणाले, "आअअं आई." भावानं तिच्याकडे पाहिलं. जायचं नाही, असं ते म्हणत होते. इतकं सरळ, इतकं स्पष्ट की भावाला कसं कळत नाही याचंच तिला नवल वाटलं. आणि ती म्हणाली, "जाईन म्हणताहेत." वडिलांनी तिच्याकडे पाहिलं. पुन्हा बोलले नाहीत. बोलून उपयोग काय होता. बोललं तरी ते तिच्याच तोंडून बाहेर पडणार होतं. सात महिने ते तिकडे राहिले, जिथं कुणालाच काही कळत नव्हतं, आणि परत आले तेव्हा बोलणं जवळजवळ सोडलेलंच होतं. तिला मात्र त्यांनी कधी काही म्हटलं नाही. शेवटपर्यंत. त्या खोलीत दोन माणसांना माहीत होतं काय बोललं गेलं ते, आणि भिंतींना कान असतात म्हणतात ते काही खरं नाही. असते तर एखाद्या दिवशी तरी कुणी तिला धरलं असतं. कित्येकदा तिला वाटलं होतं, कुणीतरी धरावं.

गाडीवरच्या बाईचा आवाज वायरलेसवर आला. दार आतून बंद आहे. हाका मारतोय, उत्तर नाही.  ताई मायक्रोफोनमध्ये म्हणाल्या, "फोडा."

"ताई, नक्की? पत्ता खात्रीचा आहे ना?"

ताईंनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं.  आणि ती, जिला त्या क्षणी कशाचीच खात्री नव्हती, म्हणाली, "हो."

"फोडा," ताई पुन्हा म्हणाल्या. "माझ्या नावावर."

धाड. धाड. लाकूड तडकल्याचा आवाज त्या वायरलेसमधून इतका जवळ आला की दोन नंबरच्या टेबलावरच्या मुलीनं कानांवर हात ठेवले. मग पावलं. मग काहीच नाही. मग ती बाई, धापा टाकत: "आहे. स्वयंपाकघरात आहे, जमिनीवर. शुद्धीवर आहे. उजवी बाजू लुळी आहे. एकटाच राहतो असं दिसतंय. घेतोय आम्ही." कुणीतरी टाळी वाजवली आणि ती अर्ध्यातच थांबवली. तिला वाटलं आपण आता रडणार, पण ती हसत सुटली, कसलंही भान न ठेवता, तोंडावर हात दाबून. पोटातून हसू वर येत होतं आणि थांबत नव्हतं. ताई हसत नव्हत्या. त्यांनी पुढचा कॉल घेतला, पत्ता लिहिला, गाडी पाठवली. त्यांचं अक्षर नेहमीसारखंच सरळ होतं.

चार वाजता साहेब पाहायला येणार होते. पावणेचारला ती बॅटरीच्या खोलीत यादीसमोर बसली होती. ती बावीस सेकंदांची फाइल. तिच्यावर बोट ठेवलं की खालच्या बाजूला एक बारीक पेटी उघडत होती: "पुसायची?" आजचा दिवस चाचणीचाच होता. एक फाइल नसली तर कुणी विचारणार नव्हतं, माणूस तर वाचला होता. तिला ताईंच्या घरचा तो सव्वा महिना आठवला. रोज सकाळी ताई तिच्या उशाशी चहाचा कप ठेवून, काही न विचारता, कामाला निघून जायच्या. बोट तसंच राहिलं. दार लोटल्याचा आवाज आला. ताई आत आल्या होत्या. या खोलीत त्या यापूर्वी कधी आल्या नव्हत्या. बॅटऱ्यांच्या वासानं त्यांनी नाक मुरडलं.

"ऐकव," त्या म्हणाल्या.

तिनं हेडफोन दिला. ताईंनी ती बावीस सेकंद तीनदा ऐकली. चौथ्यांदा फक्त शेवटचं वाक्य. मग हेडफोन काढून मांडीवर ठेवला आणि त्याची वायर बोटाला गुंडाळत बसल्या. "मला वाटत होतं मी खूप शांतपणे बोलते," त्या म्हणाल्या. मग पडद्यावरच्या त्या पेटीकडे पाहून म्हणाल्या, "पुसणार होतीस?"

"माहीत नाही."

"नको पुसू." त्या उठल्या. "पुसलीस तर मला रोज वाटेल की याहून वाईट बोलले असेन."

साहेब आले तेव्हा ताईंनीच त्यांना खुर्ची दिली आणि सांगितलं, "यात एक माझं आहे, आधी ते ऐका." साहेबांनी ऐकलं. ऐकताना त्यांचा चेहरा बदलत गेला, मग ते तिला म्हणाले, "आवाज मात्र अगदी स्वच्छ आलाय." तिला ते वाक्य भयंकर वाटलं आणि त्याच वेळी मान ताठ झाली. दोन्ही एकदम. घरी जाताना ती तीन स्टॉप आधी उतरून चालत गेली, कारण इतका आनंद घेऊन बसमध्ये बसणं शक्य नव्हतं. आणि चालता चालता, एका बंद पेट्रोल पंपासमोर, तिनं थोरल्या भावाला फोन लावला. बऱ्याच महिन्यांनी. तो म्हणाला, "काय गं, सगळं ठीक?" ती म्हणाली, "दादा, तुला एक सांगायचंय. बाबा त्या दिवशी जाईन नव्हते म्हणाले." पलीकडे शांतता होती. रिकामी नव्हती ती, त्याचा श्वास येत होता. मग तो म्हणाला, "माहीत होतं मला. त्यांचं तोंड बघून कुणालाही कळलं असतं. पण तू दमली होतीस गं." ती तिथंच कठड्यावर बसली. 

ताईंना ताकीद मिळाली, एका ओळीची. त्यांनी ती वाचून खणात ठेवली आणि खण पायानं बंद केला. तीन आठवडे गेले. एका दुपारी बॅटरीच्या खोलीत बसून ती त्या यादीकडे पाहत होती, आता ते पान तिचंच झालं होतं, तेवढ्यात तिसरा ठिपका नारिंगी झाला आणि नारिंगीच राहिला. इथले कॉल दीड मिनिटाच्या वर जात नाहीत. चार मिनिटं झाली. सहा झाली. काही बिघडलं की काय म्हणून ती बाहेर आली. ताई टेबलावर कोपर टेकून, डोळे मिटून ऐकत होत्या. एका हातात पेन्सिल. बाकी सगळे ताईंच्या वाटचे कॉल पलीकडच्या टेबलांवर घेत होते आणि त्यांच्याकडे पाहत होते.

"नाही, 'आई' नाही, मला नीट कळू द्या," ताई म्हणत होत्या. "दोन स्वर. अ, ई. हं. पुन्हा म्हणा. घाई नाही, लाइन तुमचीच आहे." पेन्सिल थांबली. त्यांच्या कपाळाला आठी पडली आणि मग हळूहळू सुटली. "कडी! दाराची कडी. हो. हो, आम्हीच मोडली." त्यांनी डोळे उघडले, तिला दारात उभी पाहिलं, आणि हेडफोनच्या माइकवर हात ठेवून कुजबुजल्या, "छापखान्यावाला. घरी आलाय. दार लागत नाही म्हणून भांडतोय माझ्याशी." मग हात काढला. "आं? काय म्हणालात? हे जरा जोरात... अहो, शिवी होती होय ती! थांबा, तीही लिहून घेते."